हरकतीची तालीम

वकिलानं मला तोंडावर सांगितलं, की तुम्ही बोलता तेव्हा समोरच्याला तुमचं म्हणणं कळत नाही, फक्त तुमचा राग कळतो. मंडळ अधिकाऱ्यासमोर असं बोललात तर हरकत तिथंच निकालात निघेल. आधी सगळं लिहून काढा, मोठ्यानं वाचा, रेकॉर्ड करा आणि स्वतःचं स्वतः ऐका. जिथं शिवी येते तिथं खूण करा.

छत्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. मोहाडी तालुक्यातल्या दोन पिढ्यांना कविता म्हणायला मी शिकवलं. कुठं थांबायचं, कुठं श्वास घ्यायचा, हे मला काल वकील झालेला पोरगा शिकवणार म्हटल्यावर तळपायाची आग मस्तकात गेली. पण दुसरा वकील शोधायला वेळ नव्हता. सुनावणीला आठवडाच उरला होता.

भांडण बोडीचं होतं. बोडी म्हणजे शेतातला लहानसा तलाव. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि पाऊस दगा देऊन गेला की धानाला शेवटचं पाणी तीच देते. वडील गेल्यावर ती बोडी आणि तिला लागून असलेल्या धानाच्या दोन बांध्या आईच्या नावावर झाल्या. माझ्या बांध्या त्या बोडीच्या खाली. आईनं गेल्या उन्हाळ्यात बक्षीसपत्र केलं आणि सगळं धाकट्याच्या नावानं करून दिलं. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. मला कळलं ते तलाठ्याकडून नोटीस आली तेव्हा. म्हणजे यापुढं माझ्या धानानं पाणी प्यायचं की नाही, ते माझा धाकटा भाऊ ठरवणार.

मी फेरफारावर हरकत घेतली. हरकतीत सांगण्यासारखा मुद्दा एकच होता: अंगठा लावला तेव्हा आई भानावर नव्हती.

ते खोटं होतं. हे आताच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मला कोणी साळसूद समजणार नाही. आईचे डोळे अधू झाले होते, गुडघे गेले होते, पण डोकं तिचं माझ्यापेक्षा बरं चालत होतं. आणि पाण्याचं तरी निमित्तच होतं. खरं दुखणं असं, की आमची वाटणी झाली तेव्हा आई कोणाकडं राहणार असं पंचांनी विचारलं आणि तिनं माझ्याकडं न बघता धाकट्याकडं बोट केलं. मी नोकरीवाला, शिकलेला, थोरला. तो दंडार नाचवणारा, गावच्या नाच-सोंगांच्या मंडळीतला. ते बोट माझ्या डोळ्यांसमोरून कधी हललंच नाही.

वाटणीत घराच्या मधोमध भिंत पडली. आमच्या बाजूची शेवटची खोली आणि त्यांच्या बाजूची आईची खोली यांच्यामधली भिंत जुनीच होती, मातीची, दोन हात रुंद. अंगणातली तेवढी नवी, विटांची. भांडी वाटली, विळे-नांगर वाटले, धानाच्या कोठ्या वाटल्या. एक मोठा स्पीकर होता, चाकांवर चालणारा, रंगीत दिवे गरगर फिरवणारा. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, पाहुणेरावळे येतात, भर दिवसा चौकात दंडार होते. धाकट्याची मंडळी तालीम आमच्याच अंगणात करायची, त्यासाठी तो आणला होता. माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती. सुट्टीत आली की आपल्या लॅपटॉपवरून त्या स्पीकरवर ढोलकीचे ठेके लावून द्यायची आणि अंगणातले सगळे गडी घोड्यांसारखे नाचायचे. वाटणीत तो स्पीकर धाकट्याकडं गेला. मी मागितला नाही. मला नाचायचं नव्हतं.

आईचा जीव मात्र त्या दंडारीत. तिला अक्षर ओळखता येत नाही, अंगठाच लावते. पण कुठलंही सोंग एकदा कानावरून गेलं की तिचं पाठ. बायका तेव्हा चौकात उतरत नसत. ती पडवीत सुपात तांदूळ निवडत बसायची आणि चौकातला गडी अडखळला की जरा थांबून, वर न बघता पुढचा शब्द टाकायची. मोठमोठे मिशावाले तिच्याकडं कान लावून नाचायचे. लहानपणी मी पाढे म्हणायचो तेव्हाही ती असंच करायची. तिला पाढ्यांतला अर्थ कळत नव्हता, पण चूक कळत होती. शाळेत जायच्या आधी मी तिच्यासमोरच नापास झालो आहे.

तर मी निवेदन लिहिलं, आणि मुलीनं मला देऊन टाकलेल्या त्या जुन्या लॅपटॉपवर रेकॉर्ड करायला बसलो. वेळ मुद्दाम दिवसाची धरली. धानकापणी चालू होती, धाकटा आणि त्याची बायको सकाळीच बांधीत जायचे ते दिवेलागणीला परतायचे. भिंतीपलीकडं माझं कोणी ऐकणार नाही याची मी पुरती काळजी घेतली. खिडकी लावली, दाराला कडी घातली. बाहेर कोणाच्या तरी खळ्यावर मळणीयंत्र धडधडत होतं, तेही माझ्या पथ्यावरच पडलं.

वाचलं. पडद्यावर हिरवी रेघ वरखाली नाचत होती, म्हणजे आवाज आत जात होता. संपल्यावर वाजवायला लावलं. रेघ पुन्हा तशीच नाचली, सेकंद पुढं सरकत गेले, आणि खोलीत चकार शब्द नाही. आवाजाची खूण शंभरावर नेली. शांतता. वही आपटली, लॅपटॉपला दोन शिव्या घातल्या, पुन्हा लावलं. माझंच निवेदन, माझ्याच समोर तोंड मिटून बसलेलं.

मुलीला फोन लावला. ती नागपूरला नोकरी करते आणि बापाशी बोलताना घड्याळ बघते.

“बाबा, रिस्टार्ट केला का?”

“तीनदा केला.”

“म्यूटवर तर नाही?”

“मी तुला अक्षरं शिकवली आहेत. म्यूटची खूण मला दिसते.”

“मग ड्रायव्हर बघावा लागेल. मी सांगते तसं करत जा.”

मग तासभर ती सांगत होती आणि मी उघडत होतो. एका खिडकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. सगळीकडं लिहून येत होतं की यंत्र व्यवस्थित चालू आहे. यंत्र व्यवस्थित, मुलगी व्यवस्थित, मीच तेवढा बिघडलेला. हेडफोनच्या भोकात कचरा असेल म्हणाली, म्हणून काडीला कापूस गुंडाळून तेही साफ केलं. शेवटी ती दमून म्हणाली, “बाबा, राग नका मानू, पण तुम्हालाच कमी ऐकू येत असेल का?”

मी फोन ठेवला. माझा डावा कान जरा जड आहे, पण ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

बायको शेंगा सोलत दाराशी बसली होती. ती म्हणाली, “कुटंतरी कोनी तुमच्यासारखंच बोलून राहिलं वाटते जी.”

“तुझ्या कानातच घर करून बसलो आहे मी,” मी म्हणालो. “शेंगा सोल.”

ती गप्प बसली. माझ्या घरात माणसं माझ्यासमोर फार लवकर गप्प बसतात. त्याचा मला तेव्हा अभिमान होता.

पुढचे तीन-चार दिवस असेच गेले. मी वकिलाचा सल्ला अर्धाच पाळू शकत होतो. वाचत होतो, रेकॉर्ड करत होतो, ऐकायला काही मिळत नव्हतं. पण माझा स्वभाव असा, की यंत्रापुढं हरायचं नाही. प्रत्येक वेळी पूर्ण वाजवायचो, न जाणो मधेच कुठं आवाज सुटेल म्हणून. एक फाईल संपली की तीच पुन्हा. कधी ती चालू ठेवूनच इकडची बटणं तिकडं करत बसायचो. वाचून वाचून निवेदन घोटलं गेलं हे खरं. शिव्या गळाल्या. “तो हरामखोर” जाऊन “प्रतिवादी” आला. एका वाक्यावर मला दर वेळी खोकला यायचा, तो मात्र गेला नाही.

मग एका दुपारी बायको तलावावरून कपडे धुऊन आली ती बातमी घेऊनच. आम्ही भाऊ बोलत नव्हतो, पण दोघी जावा तलावाच्या पायऱ्यांवर बोलत. तेवढं मी चालू दिलं होतं, कारण त्यातून मला पलीकडचं कळायचं.

“मायचं काई खरं नाई जी,” ती म्हणाली. “धाकटी रडून राहिली होती. माय म्हनते का मोठा माह्यासंगं बोलते. त्या स्पीकरातून बोलते म्हनते. त्याच्याकडं तोंड करून हो, हो म्हनत बसते म्हने दिवसभर.”

मी विचारलं, स्पीकर तिच्या खोलीत कशाला?

“दिवे आवडतेत ना तिले. अंधुकशे दिसतेत, तेवढाच इरंगुळा. सकाळी भावजी आपल्या मोबाईलावरून भजन लावून देते, मंग मोबाईल घेऊन चाल्ला जाते बांधीत. डबा चालूच रायते दिवे लावून, उशापाशी. आवाज एकदम बारीक ठेवते, तिले गलका सोसत नाई म्हनून.”

वास्तविक इतकं ऐकल्यावर शहाण्या माणसाच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. माझ्या डोक्यात आनंद मावत नव्हता. आई भ्रमिष्ट झाली होती. डब्यातून थोरल्या मुलाचा आवाज येतो म्हणत होती, आणि हे मी नाही, खुद्द धाकट्याची बायको रडत रडत सांगत होती. मी जे खोटं लिहिलं होतं ते आठवड्याच्या आत आपसूक खरं झालं होतं. मी लगेच पेन काढलं आणि निवेदनात एक वाक्य वाढवलं: तिला आता माझे आवाज ऐकू येतात आणि ती त्यांना उत्तरं देते.

बायकोनं ते वाक्य वाचलं आणि आत जाऊन चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घालून आंधळगावला गेलो. तिथं बसस्टँडजवळ एक बाई ऑनलाइन अर्जांचं केंद्र चालवते, संगणकाची दुरुस्तीही करते. माझीच जुनी विद्यार्थिनी. शाळेत पाढे चुकायची, आता अख्खा तालुका तिच्यासमोर आधारकार्ड घेऊन रांगेत उभा असतो. तिनं लॅपटॉप उघडला, समोर जी फाईल दिसली ती दाबली, आणि माझा आवाज भरल्या दुकानात घुमला: “माझ्या आईला आता माणसं ओळखू येत नाहीत. ती अन्न म्हणून माती खाते.”

मातीचं मी मनानंच लिहिलं होतं. रांगेतली एक म्हातारी माझ्याकडं वळून बघायला लागली, आणि बघतच राहिली.

“बंद कर,” मी म्हणालो.

“सर, आवाज तं चांगला येऊन राहिला,” ती म्हणाली. “कायले आनला?”

घरी मुका आणि इथं भर बाजारात तोंड सुटलेला. मी तो तिच्या हातातून ओढून घेतला आणि पहिली मिळाली ती गाडी धरून परत आलो. खोलीत जाऊन लावला. मुका.

बायको म्हणाली, “कोनी आवाज बांधला असन.”

“मास्तराच्या घरात असं बोलायची लाज वाटत नाही?” मी ओरडलो. पण ती आत गेल्यावर मी उंबऱ्याखाली लिंबूबिंबू पुरलं आहे का ते वाकून पाहिलं. छत्तीस वर्षं अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेतले मी पोरांकडून. धाकट्याच्या हातून काहीही होऊ शकतं, एवढ्यावर मात्र माझी श्रद्धा पक्की होती.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळी वाढवलेल्या वाक्यासकट सगळं निवेदन शेवटचं रेकॉर्ड केलं. संपत आलं तेव्हा बायको चहा घेऊन आली. दुपारपर्यंत ती एकच फाईल पुन्हा पुन्हा लावत बसलो होतो, रेघेकडं बघत. चारच्या सुमारास आंधळगावच्या त्या बाईचाच फोन आला. जुना मास्तर तणतणत निघून गेला हे तिच्या मनाला लागलं असावं.

“सर, मी इचार करून राहिली होती. ब्लूटूथ चालू हाय का तुमच्या लॅपटॉपवर? खाली कोपऱ्यात निळी खूण असन.”

“आहे.”

“उघडा तिले. कोनतं नाव दिसते? जोडलेलं हाय असं कशाच्या समोर लिवलं हाय?”

मी चष्मा सरळ केला. इंग्रजीत एक नाव होतं आणि पुढं आकडे. ते नाव मी ओळखत होतो. अंगणात दिवाळीनंतर महिना-महिना ते माझ्या डोळ्यांसमोर असायचं, फिरत्या दिव्यांच्या बरोब्बर वर, चंदेरी अक्षरात.

“सर, तुमचा आवाज बंद नाई जी,” ती म्हणाली. “दुसरीकडं जाऊन राहिला. कधीकाळी जोडला असन कोनी त्या स्पीकराले. तो मोकळा भेटला का लॅपटॉप आपोआप त्याले धरून घेते. इथं दुकानात तो नव्हता, म्हनून इथं वाजला.”

मी फोन मांडीवर ठेवला. ती हॅलो हॅलो करत राहिली, मग तिनं ठेवून दिला.

धाकट्याचा मोबाईल बांधीत गेला की पलीकडचा डबा रिकामा व्हायचा आणि माझा लॅपटॉप मुकाट्यानं मातीच्या भिंतीतून हात घालून त्याला जाऊन मिळायचा. म्हणजे आठवडाभर, धाकट्यानं ऐकू नये म्हणून मी निवडलेल्या नेमक्या त्या वेळात, आईच्या उशाशी माझा आवाज बोलत होता. घरात दुसरं कोणी नाही. उठून बंद करायचं तर गुडघे नाहीत. ती भानावर नाही हे मी तिला दिवसभर सांगत होतो, आणि ती हो, हो म्हणत होती.

मी ब्लूटूथ बंद केलं. मग ती सकाळची फाईल लावली. या वेळी आवाज माझ्या खोलीत आला. पहिल्यांदाच मी स्वतःला पुरतं ऐकलं. वकील खोटं बोलला नव्हता. शिव्या गेल्या होत्या तरी राग होता तसाच होता, फक्त त्यानं धुतलेला सदरा घातला होता. निवेदन संपलं, खोकला आला, “एवढंच माझं म्हणणं आहे” झालं, आणि रेकॉर्डिंग चालूच राहिलं. ते बंद करायला मी विसरलो होतो. चहाची बशी ठेवल्याचा आवाज आला. बायकोचा आवाज आला: “मायले किती वाईट वाटन जी हे आयकून.”

आणि मग मी. पुस्तकी मराठी सोडून, घरातल्या बोलीत, एकदम सहज.

“बुढी तं आज ना उद्या मरनारच हाय. बोडी रायनार हाय.”

मी ते बंद केलं. दुपारपर्यंत ती फाईल किती वेळा लावली होती ते आठवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

आता इथं एखादा भला माणूस उठला असता, भिंतीला वळसा घालून गेला असता आणि आईच्या पायाशी बसला असता. मी तसं केलं नाही. मला लाज वाटली, खरंच वाटली, पण ती चहा गार होईपर्यंतच टिकली. नंतर मला एवढंच सुचलं, की ही गोष्ट आता फक्त मला ठाऊक आहे. आईला वेड लागलेलं नाही, हे जगात मी एकटा सिद्ध करू शकतो आणि मी तोंड उघडलं नाही की झालं. धाकट्यालाही वाटतंय की ती भ्रमली. उद्या त्याला साहेबानं विचारलं तर तो नाही कसं म्हणेल? बायकोनं विचारलं, काय बिघडलं होतं लॅपटॉपात? मी म्हणालो, काही नाही, कचरा होता.

सुनावणीला धाकटा आईला कोणाच्या तरी जीपमधून घेऊन आला. उचलूनच आत आणलं. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. दोन वर्षांत मी तिला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. ती माझ्या दिशेनं बघत होती, पण तिला दिसत किती होतं कोण जाणे.

मंडळ अधिकारी माझ्या निम्म्या वयाचा, मवाळ बोलणारा. त्यानं माझं लेखी निवेदन घेतलं आणि समोर ठेवलं. आईला नाव विचारलं, गाव विचारलं, मुलं किती विचारलं. सगळं तिनं नीट सांगितलं. मला दिसलं की तो माझी हरकत मनातल्या मनात मिटवायला लागला आहे. म्हणून मी उभा राहिलो.

“साहेब, नाव-गाव कोणीही सांगेल,” मी म्हणालो. “तिला विचारा, घरात स्पीकरमधून कोणाचा आवाज येतो.”

धाकट्यानं मान खाली घातली. अधिकाऱ्यानं त्याच्याकडं पाहिलं. “खरं आहे का हे?”

“म्हनते साहेब ती तसं,” धाकटा म्हणाला. “चार-पाच दिवसांपासून. पन बाकी मंग सगळं बराबर हाय तिचं.”

अधिकाऱ्यानं पेनाचं टोपण काढलं. “आजी, कोणाचा आवाज येतो?”

“याचा,” आईनं माझ्याकडं बोट केलं. तेच बोट.

पेन कागदावर टेकलं. मी खाली बसलो. जिंकलो होतो.

“का बोलते तो, ते नाई इचारत?” आई म्हणाली.

अधिकारी थांबला. “सांगा.”

आईनं पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले आणि सुरू केलं. “मी अर्जदार, सेवानिवृत्त शिक्षक, सत्य प्रतिज्ञेवर कथन करतो की.” तिच्या तोंडून ही भाषा मी कधी ऐकली नव्हती. तिला त्यातले निम्मे शब्द कळत नसणार. पण शब्दाला शब्द, जिथं मी थांबायचो तिथं थांबून, जिथं श्वास घ्यायचो तिथं श्वास घेऊन, ती म्हणत गेली. माझ्या आईला आता माणसं ओळखू येत नाहीत. ती अन्न म्हणून माती खाते. प्रतिवादी क्रमांक एक यानं तिच्या या अवस्थेचा. “इथं खोकलते,” ती म्हणाली आणि पुढं गेली. गैरफायदा घेऊन.

अधिकाऱ्यानं माझा कागद जवळ ओढला आणि ओळींवरून बोट फिरवायला सुरुवात केली. एका ठिकाणी त्यानं पान उलटलं, तेव्हा ती थांबली नाही. कारकूनही उठून त्याच्या खांद्यामागं येऊन उभा राहिला. तिला आता माझे आवाज ऐकू येतात आणि ती त्यांना उत्तरं देते. हेही ती म्हणाली, त्याच आवाजात, काहीही न लपवता. धाकटा तिच्याकडं आणि मग माझ्याकडं बघत होता. त्याला हळूहळू कळत होतं. त्याला रडू येत होतं की राग, मला ओळखता आलं नाही.

“एवढंच माझं म्हणणं आहे,” आई म्हणाली.

अधिकाऱ्यानं मला विचारलं, “हे निवेदन तुम्ही कोणाला वाचायला दिलं होतं?”

“कोणाला नाही.”

“आजींना वाचता येतं?”

“नाही.”

“मग?”

मी सांगितलं. ब्लूटूथ, स्पीकर, भिंत. कालपासून मला ठाऊक होतं, हेही तोंडून निघून गेलं. कोणी हसलं नाही. अधिकारी लिहीत गेला. लिहून झाल्यावर त्यानं आईकडं पाहिलं, आणि आता त्याच्या आवाजात वेगळाच आदर होता.

“आजी, एवढंच ऐकलं, की अजून काही होतं?”

होतं. पुढं बशीचा आवाज होता, माझ्या बायकोचं एक वाक्य होतं, आणि मग माझं. तिनं ते दुपारपर्यंत ऐकलं होतं, प्रत्येक वेळी, शेवटी. आईचं पाठांतर कधी अर्ध्यावर सुटत नाही. मी खुर्चीचा दांडा धरून तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. ती थांबली, जशी पडवीत थांबायची तशी, अडखळलेला गडी स्वतःहून पुढं म्हणतो का हे बघायला. मी म्हटलं नाही.

“नाई,” आई म्हणाली. “एवढंच.”

मग माझ्याकडं वळली. “चुकलं का रे बापू काई?”

सगळे माझ्याकडं बघत होते. छत्तीस वर्षं मी पोरांना उभं करून पाठांतर ऐकलं, आणि शेवटचं वाक्य गाळणाऱ्याला कधी सोडलं नाही.

“नाही,” मी म्हणालो. “बरोबर आहे. एवढंच होतं.”